एक कट्टा अन् वर तीन

सिंधूताईला वाचता येत नाही, ही गोष्ट मला बारा वर्षं फार सोयीची होती. का ते सांगतोच. पण आधी बाई कोण ते ऐका, नाहीतर म्हणाल मास्तर स्वतःचंच रडगाणं घेऊन बसला.

मी मार्तंड सर. पाचवीचा वर्गशिक्षक, नोकरीची अठ्ठावीस वर्षं झाली. शाळेचं नाव विचारू नका, सांगणार नाही. सरकारी आहे, नागपुरात आहे, पाचवीपर्यंत आहे, एवढं पुरे. शाळेच्या मागे टिनाची शेड आहे, तिथे सिंधूताई खिचडी शिजवते. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळी, पण अर्धं पोतं तांदूळ एकटी ओढत नेते. मदतीला गेलात तर म्हणेल, सर, तुमी पोरायले शिकवा, हे माझं काम आहे. म्हणायची, असं म्हटलं पाहिजे. आता ती माझ्याशी फारसं बोलत नाही.

तिच्या बापाने छप्पन्न साली धम्म घेतला. दीक्षेहून घरी आला तो म्हणतच आला, माझी लेकरं शिकतील. लेकरं पुढे झाली. चार पोरगे शिकले, एक तर रेल्वेत लागला. सिंधू पाचवं लेकरू. ती आईच्या सुपाशेजारी बसून तेंदूच्या पानात तंबाखू भरायला लागली. बापाचा शब्द खोटा नव्हता हो, फक्त तिच्यापर्यंत येता येता संपला. बिड्या वळता वळता ती मोजायला शिकली. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट तिने कट्ट्यातच मोजली. रोज सकाळी मी हजेरी सांगायचो, एकशे त्रेचाळीस. ती म्हणायची, पाच कट्टे अन् वर अठरा. आणि तेवढ्याच ताटल्या मांडायची. बारा वर्षांत एक ताटली कमी पडली नाही की एक जास्त झाली नाही. आकडा ओळखायची, अक्षर नाही.

खिचडी पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकाने चाखायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. ते काम माझ्याकडे. मी लिहायचो, चव उत्तम. कधी चाखून लिहायचो, कधी घाई असली तर न चाखताच. तिला काय वाचता येत होतं? पण खिचडी खरंच उत्तम असायची, म्हणून ते खोटं कधी खोटं वाटलं नाही.

तिची एक नात, रोशनी. लेकीची लेक. लेक बाळंतपणानंतर वर्षभरात गेली आणि तान्ही पोर सिंधूताईच्या पदरात आली. पोरीचा बाप अश्विन उमरेडच्या बाजूला कोळशाच्या खाणीवर कामाला. त्याने दुसरं लग्न केलं, दोन लेकरं झाली. दहा वर्षं त्याला या पोरीची आठवण नव्हती. पोरगी नऊची दहाची झाली, भांडी घासायला, लेकरं सांभाळायला हात तयार झाले, तशी बापाची माया उचंबळून आली. मागच्या उन्हाळ्यात येऊन सासूला सांगून गेला की पाचवीपर्यंत ठेवा, मग पोरगी माझी. पुढची शाळा तिकडेच पाहू म्हणाला. कसली शाळा नि कसलं काय. सिंधूताईला ते कळत होतं. आईची आई, तिचा काय हक्क?

तेव्हा मीच तिला तोड सुचवली. हो, मीच. रामटेककडे एक सरकारी निवासी शाळा आहे. सहावीपासून दहावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. पाचवीतून निवड होते. मी म्हटलं, ताई, रोशनीचं नाव तिथे लागणारच, लिहून घ्या. अश्विनला तिने हे सांगितलं तर तो हसला. लागलं नाव तर मी आडवा येत नाही, म्हणाला. त्याला वाटलं खिचडीवालीच्या नातीचं कसलं नाव लागतं. त्याला रोशनी माहीत नव्हती.

मला माहीत होती. बाप्पा, काय पोरगी. फळ्यावरचं गणित माझं लिहून व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. चुकली तर का चुकली ते स्वतः सांगणार. एकदा मीच सातचा पाढा म्हणताना घसरलो, तर भर वर्गात हात वर करून म्हणाली, सर, त्रेसष्ट. आजीला तिने एक शब्द ओळखायला शिकवला होता. रोशनी. आजी तेवढा शब्द कुठेही ओळखायची, वहीवर, हजेरीवर, खडूने भिंतीवर लिहिलेला. लिहिताही यायचा तिला, 'श' जरा पोटात दुमडायचा एवढंच.

आता माझा धंदा सांगतो. नाक मुरडाल. मुरडा.

दर ऑगस्टात पायाभूत चाचणी होते. तीस प्रश्न, तीस गुण. एप्रिलात तसलीच दुसरी चाचणी होते. दोन्हींतला फरक म्हणजे पोराची प्रगती, आणि सगळ्या पोरांच्या प्रगतीची बेरीज म्हणजे मास्तरची लायकी. पेपर आम्हीच तपासायचे, गुण आम्हीच ॲपमध्ये भरायचे. वर कुठेतरी साहेबाच्या पडद्यावर हिरवे-लाल बाण उगवतात. बाण हिरवा तर शाबासकी, लाल तर बैठकीत उभं करून धुलाई. मागच्या साली एका बाईंना दोनशे शिक्षकांसमोर विचारलं, तुमची पोरं वर्षभर झोपली होती की तुम्ही? त्या बाईंची पोरं ऑगस्टातच पंचवीसच्या पुढे होती, आणखी वर जाऊन जाऊन कुठे जाणार? चांगलं शिकवल्याची शिक्षा भेटली त्यांना.

म्हणून आम्ही खड्डा करतो. हा आमचा शब्द, कोणत्या परिपत्रकात सापडणार नाही. ऑगस्टात पोरांचे गुण पाडून भरायचे, म्हणजे एप्रिलात पोर वर आलेलं दिसतं. सगळे करतात. आणि यातली खुबी नव्या मास्तरांना ठाऊक नसते. ते कच्च्या पोरांचे गुण पाडतात. अरे, ते पोर पडलेलंच आहे, एप्रिलात उठेल याचा काय भरवसा? खड्डा करायचा तो हुशार पोरांचा. ते हमखास वर येतं. जेवढं पोर हुशार, तेवढा खड्डा खोल.

रोशनीचा खड्डा मी वर्गात सगळ्यांत खोल केला.

तिला तीसपैकी अठ्ठावीस होते. दोन चुकले होते, एक घड्याळाचं गणित आणि एक अपूर्णांकाचं. मी ॲपमध्ये नऊ भरले. पेपरवरही वर लाल शाईने नऊ लिहिले, कोणी बंडल मागितलंच तर आकडा आकड्याशी जुळावा म्हणून. आत मात्र अठ्ठावीस बरोबरच्या खुणा तशाच राहिल्या. अठ्ठावीस वर्षांचा हात आहे. बरोबर उत्तरावर फुली मारायला तो काही केल्या उठत नाही. खोटा आकडा लिहायला उठतो, त्याला काही होत नाही. आणि पेपर उघडून पाहतो कोण? बंडल कपाटात गेलं, किल्ली माझ्या खिशात.

खोटं सांगत नाही, मी नऊ लिहिले तेव्हा निवासी शाळेची निवड वेगळ्या परीक्षेने व्हायची. जानेवारीत पेपर, सेंटर सीताबर्डीच्या एका शाळेत, दरवर्षीचं ठरलेलं. मला वाटलं पोरगी ती परीक्षा देईल, लागेल, आणि इकडे माझा बाणही हिरवा राहील. कोणाचं काय बिघडतं?

नोव्हेंबरात पत्र आलं. लेकरांवर परीक्षांचा बोजा नको म्हणून यंदापासून वेगळी परीक्षा नाही. पायाभूत चाचणीत ज्यांना चोवीस किंवा वर, त्यांचीच नावं ॲपमधून उचलणार. मी पत्र दोनदा वाचलं. आमच्या मुख्याध्यापक गोपिका मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि सगळं समजल्या, कारण शाळेतले सगळे खड्डे त्यांच्या सहीने गेले होते.

डिसेंबरात यादी लागली. आमच्या शाळेतून एकही नाव नाही. कसं असणार? चोवीसच्या वरच्या सगळ्या पोरांना आम्ही आपल्या हाताने पुरलं होतं.

सिंधूताई दुपारी हात पुसत ऑफिसच्या दारात आली. रोशनीचं नाव कोणतं, ते दाखवा म्हणाली. यादीवरून बोट फिरवत होती, तो एक शब्द शोधत. मी म्हटलं, ताई, नाही लागलं. ती म्हणाली, पोरगी त ऑगस्टपासून म्हणून राहिली, आजी, दोनच चुकले माझे. मग?

त्या वेळी मला काहीही बोलता आलं असतं. तांत्रिक अडचण म्हटलं असतं तरी चाललं असतं. ॲप, सर्व्हर, काहीही. ती मान डोलवून गेली असती. पण मॅडम बसल्या होत्या, दोन शिक्षक बसले होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "तिला तीसपैकी नऊ आहेत, ताई."

"नऊ?"

"कागदावर आहे."

ती पदर खोचून शेडकडे गेली. पोरांचं जेवण चाललं होतं, रोशनी ताटल्या गोळा करत होती. सिंधूताईने त्या पोरीवर जन्मात हात उगारला नव्हता. आम्ही तिला हसायचो, नातीला डोक्यावर बसवलं म्हणून. तिने गंजातला, त्या मोठ्या पातेल्यातला, ढवळायचा सराटा उचलला, तसाच गरम, खिचडी लागलेला, आणि पोरीच्या उजव्या हातावर हाणला. एकदा, दोनदा. खोटं बोलतं मले, म्हणाली. पाच महिने खोटं बोलून राहिली, दोन चुकले म्हणे. तुया बापाच्या घरी जा आता, घास भांडे.

रोशनी रडली नाही, हे मला जास्त लागलं. ती एवढंच म्हणत होती, आजी, दोनच. आजी, दोनच चुकले. मी व्हरांड्यात उभा होतो. चार पावलं पुढे जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. मी वर्गात गेलो आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी हाताला हळद लावून आली. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर पळाले तरी ही बाकावरून उठली नाही. मग माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. तक्रारीचा सूर नाही, काही नाही, एखादं गणित अडल्यावर विचारावं तसं तिने विचारलं.

"सर, नऊ कोणते बरोबर होते?"

अठ्ठावीस वर्षांत मला पोरांनी हजार प्रश्न विचारले. या एकाला मी काय उत्तर दिलं? बस खाली म्हणालो. शहाणपणा करू नकोस म्हणालो. ती जाऊन बसली. त्यानंतर पूर्ण वर्षात तिने एकदाही हात वर केला नाही.

आता तुम्ही विचाराल की चूक दुरुस्त करायची सोय नव्हती का. होती. म्हणून तर सांगतो आहे. यादीच्या खालीच छापलं होतं, हरकत असल्यास तीन दिवसांत नोंदवा, सोबत उत्तरपत्रिका आणि वर्गशिक्षकाची सही. उत्तरपत्रिका माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात, सही माझ्या हातात. एवढी सोपी गोष्ट. पहिल्या दिवशी मी किल्ली चाळवत बसलो. दुसऱ्या दिवशी गोपिका मॅडमकडे गेलो.

मॅडम वाईट नाहीत. त्यांची स्वतःची पोरगी रोशनीएवढीच. त्यांनी दार लावलं आणि शांतपणे सांगितलं, "मार्तंड सर, एक खड्डा उघडा पडला की सगळ्यांचे पडतील. मग नुसत्या रोशनीवर नाही थांबत ते." खरंच होतं. अठ्ठावीसचे नऊ कसे झाले, याची चौकशी लागली असती, मग सगळ्या वर्गांची बंडलं बाहेर आली असती. आणि माझं आणखी एक होतं. केंद्रप्रमुखाच्या बढतीच्या यादीत माझं नाव तिसरं होतं. दगडाखाली हात अडकलेला माणूस आधी स्वतःचा हात पाहतो. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली. घरी बसून टीव्ही पाहिला, काय पाहिलं ते आठवत नाही.

एप्रिलात दुसरी चाचणी झाली. रोशनीला एकोणतीस. या वेळी घड्याळाचं गणितही तिने बरोबर सोडवलं होतं. नऊवरून एकोणतीस, वीस गुणांची झेप. आमच्या विभागात एवढी प्रगती कोणाचीच नव्हती. साहेबाच्या पडद्यावर माझा बाण हिरवागार झाला आणि सत्काराचं पत्र आलं.

सत्कार एका हॉलमध्ये होता. शाल, श्रीफळ, आणि ज्या पोरीची प्रगती झाली तिलाही आजीसकट बोलावलेलं. सिंधूताईने गांधीबागेतून कापड आणून पोरीला नवा फ्रॉक शिवला होता, लांब बाह्यांचा. डिसेंबरातल्या डागावरची कातडी अजून गुलाबी होती, ती झाकायला. स्टेजवर साहेबाने कौतुकाने पोरीला जवळ घेतलं आणि माईकवर विचारलं, बेटा, ऑगस्टमध्ये तुला येत नव्हतं, आता येतं, कोणी शिकवलं? सगळा हॉल पाहत होता. रोशनीने माझ्याकडे पाहिलं. जेवढा वेळ पाहिलं तेवढा वेळ मी शालीचं टोक सरळ करत होतो. मग ती म्हणाली, सरांनी. टाळ्या पडल्या.

खाली उतरलो तर सिंधूताई पुढे आली आणि एवढ्या लोकांत माझ्या पायावर वाकली. मी मागे सरकलो तरी तिने पाय धरलेच. रडत होती. म्हणाली, "नऊची पोरगी तुमी एकोणतीसवर नेली, सर. थोडं आधी नेली असती त सीट भेटली असती न." मी तिच्या हातात माझा नारळ दिला. दुसरं काही देण्यासारखं नव्हतं माझ्याजवळ.

मे महिन्यात अश्विन आला आणि पोरीला घेऊन गेला. मी शाळेत होतो, निकालपत्रकांवर सह्या करत. एसटीला पोचवून सिंधूताई परत आली आणि सुट्टीचा दिवस असून शेडमधले गंज घासत बसली. मी विचारलं, गेली का? गेली, म्हणाली. खिडकीत बसली. मागं पाहन म्हणून मी उभी होती, नाही पाह्यलं तिनं. माझा राग असन तिले.

मी म्हटलं, लहान आहे ताई, विसरेल.

आता जूनचं ऐका. नवं सत्र सुरू झालं, कपाट रिकामं करायचं होतं. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका आम्ही दरवर्षी शेडमध्ये देतो. सिंधूताई त्या खाली अंथरते आणि त्यावर तांदूळ ओतून निवडते. फार जुनी पद्धत आहे, मी येण्याआधीपासूनची. बंडल शिपायाने नेलं की मी दिलं, तेही आता आठवत नाही. बारा वर्षांत एकदाही मनात आलं नाही की त्या कागदांवर काही असतं. ती वाचणार थोडीच होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरं गेली आणि ती माझ्या वर्गात आली. हातात एक कागद. घडी नाही केलेली, दोन्ही हातांनी धरलेला, वर दोन-चार तांदळाचे दाणे चिकटलेले. मी लांबूनच ओळखला. तिनेही तसाच ओळखला असणार, वर डाव्या कोपऱ्यात तो एक शब्द होता.

तिने कागद टेबलावर ठेवला. मग एकेका खुणेवर बोट ठेवत, वरून खाली, पान उलटून परत वरून खाली, माझ्यासमोर मोजलं. पुटपुटत, बिड्या मोजायची तसं.

"मले वाचता येत नाही सर, मोजता येते. एक कट्टा अन् वर तीन." बोट वर नेऊन तिने नऊवर ठेवलं. "हे नऊ काहून?"

मी बोलायला लागलो. काय काय बोललो. पायाभूत म्हणजे काय, ॲपमध्ये कसं असतं, वरून कसा दबाव येतो, सगळ्याच शाळांत कसं चालतं. ती ऐकत होती. एरवी मी काही समजावलं की मान डोलवायची, या वेळी मान हलली नाही. माझं संपल्यावर तिने विचारलं, "पोरगी विचारे, नऊ कोणते. मी म्हणो, सराले विचार. तिनं विचारलं होतं का तुमाले?"

मी म्हटलं, हो.

"मंग तुमी काय सांगतलं?"

मी टेबलावरचा खडू उचलून डबीत ठेवला. ती शिव्या देईल, मॅडमकडे जाईल, वर अर्ज करील, याची मी वाट पाहत होतो आणि खरं सांगायचं तर पहिली भीती मला तीच वाटली, माझ्या बढतीची. असला माणूस आहे मी. तिने एवढंच विचारलं की आता काही होते का. मी म्हटलं, नाही, सहावीचे प्रवेश झाले, निवड फक्त पाचवीतूनच होते, आता काही होत नाही. बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग, तोही मी करायला तयार नव्हतो.

"मी तिचा हात जाळला, सर," ती म्हणाली. "उजवा. लिहाचा."

मग तिने कागदावरचे दाणे वेचून पदरात घेतले, कागदाची नीट घडी केली आणि पोलक्यात खोवली. रविवारी उमरेडला जातो म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे.

सोमवारी मी शेडकडे जायचं टाळत होतो, पण चव नोंदवही माझ्याकडेच होती. गंज उतरवलेला, वाफा निघत होत्या. मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, माझ्याकडे न पाहता, सराटा ढवळत. पोरगी अंगणात लहान्याला कडेवर घेऊन कपडे वाळत घालून राहिली होती. यंदा शाळेत घातलंच नाही तिला. आजीने कागद दाखवला, खुणा मोजून दाखवल्या, म्हणाली, बाई वं, तू खोटी नव्हती. पोरीने कागद हातातही घेतला नाही. लहान्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्हणे, मले त माहीतच होतं, आजी. तुलेच माहीत नव्हतं."

एवढं सांगून तिने विचारलं, आज किती? मी म्हटलं, एकशे एकेचाळीस. पाच कट्टे अन् वर सोळा, ती म्हणाली, आणि ताटल्या मांडायला लागली. माझी ताटली तिने रोजच्यासारखी बाजूला ठेवली, त्यात खिचडी वाढली.

मी घास घेतला. खिचडीत मीठ नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदा ती मीठ विसरली होती. बाहेर एकशे एकेचाळीस पोरं रांगेत बसली होती. ताई, मीठ राहिलं, एवढंच म्हणायचं होतं. तिच्या तोंडाकडे पाहून मला तेवढंही बोलवलं नाही. मी नोंदवही उघडली, तारखेपुढे लिहिलं, चव उत्तम, आणि सही केली.